एकांकिका पुरवणी: परीक्षणांच्या कामाच्या नोंदी

२८ जुलै

ठरलं एकदाचं. कॉलेजच्या पेपरच्या ऑक्टोबर अंकाला चार पानांची एकांकिका पुरवणी जोडायची आणि ती पूर्ण माझ्याकडे. मीटिंगमध्ये संपादक दादाने सरळ विचारलं, चार पानं भरणार कशाने, पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेचा निकाल तर लागल्या लागल्या सगळ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर असतो. मी म्हटलं निकाल हा आपला विषयच नाहीये. शहरातले मोठे पेपर निकाल छापतात, बक्षिसांची यादी, करंडक उंचावलेला ग्रुप फोटो, झालं. पण रंगमंचावर त्या तासाभरात काय घडलं हे कोणी लिहितच नाही, आणि ज्यांनी ते पाहिलं तेही वर्षभरात विसरतात. एकांकिका प्राथमिक फेरीत एकदा होते, नंबर लागला तर अंतिम फेरीत परत, नशीब असेल तर अजून दोनचार स्पर्धांना जाते, आणि मग नेपथ्य कोणाच्या तरी पार्किंगमध्ये पडतं आणि मुलं पास आऊट होतात. सिनेमाचं परीक्षण वाचून माणूस तिकीट काढायचं का ते ठरवतो. इथे तिकीट काढायला पुढचा शो कुठे असतो? म्हणजे आपलं परीक्षण ही नोंद आहे, आणि बऱ्याचदा एकुलती एक. मला हे मनापासून वाटतं त्यामुळे बोलताना आवाज चढला असावा, पण पानं मिळाली.

२ ऑगस्ट

लायब्ररीत तळघराच्या कपाटात आपल्या पेपरचे जुने बांधीव अंक आहेत, ते काढायला लावले. ऐंशीच्या दशकातले काही खंड पूर्ण पिवळे पडलेत, कडा हातात येतात. एकांकिकांबद्दल जवळपास दरवर्षी मजकूर आहे पण कसा, तर 'आमच्या महाविद्यालयाने यंदाही यशाची परंपरा राखली' आणि खाली नावं. कुठल्या एकांकिकेची गोष्ट काय, कोण कसं बोललं, काही पत्ता लागत नाही. कौतुक भरपूर, माहिती शून्य.

एकच तुकडा वेगळा सापडला. कोणीतरी बिननावाने लिहिलंय की रंगमंचावर फक्त एक बाज आणि एक दोरी होती, ती दोरी पहिल्या प्रवेशात कपडे वाळत घालायला होती, मग दोन भावांच्या वाटणीत तीच घराच्या मधोमध बांधली आणि शेवटी आई तिच्या खालून वाकून पलीकडे जाते. बस, पाच ओळी असतील. पण मला ते नाटक दिसलं! लेखकाचं नाव नाही, दिग्दर्शकाचं नाही, आईचं काम करणाऱ्या मुलीचं नाही, तरी एवढ्या वर्षांनी ती दोरी दिसते. पुरवणी कशी हवी ते मला इथे कळलं. दोरी लिहायची, आणि नावंही लिहायची.

५ ऑगस्ट

टीम जमली. चार जण लिहिणार, त्यातला एक एफवायचा मुलगा ज्याने आजवर फक्त इन्स्टावर सिनेमाचे रील केलेत, पण बघतो फार बारकाईने म्हणून घेतला.

एक पत्रक केलंय, प्रत्येक प्रयोगाला भरायचंच. लेखक, दिग्दर्शक, कलाकार, प्रकाश, नेपथ्य, संगीत, बॅकस्टेज सगळ्यांची पूर्ण नावं. संहिता स्वतंत्र की कथेवरून, आणि कथेवरून असेल तर कोणाच्या. प्रयोग किती मिनिटं चालला. रंगमंचावर कुठल्या वस्तू होत्या. आणि शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, 'मी डोळ्याने पाहिलेली एक गोष्ट', ज्यात विशेषण चालणार नाही.

पुरुषोत्तमला भर लेखन, दिग्दर्शन, अभिनयावर असतो, सेटची आणि लाइटची चमक दाखवायची ही जागा नाही हे सगळ्यांना माहितीये, पण म्हणून आपण नेपथ्य करणाऱ्याचं नाव गाळायचं कारण नाही. उलट थोडक्या सामानात ज्याने काम भागवलं त्याचं नाव तर आधी.

स्टार द्यायचे का यावर बराच वाद झाला. दादाचं म्हणणं स्टार असले की लोक वाचतात. माझं म्हणणं सिनेमाच्या पानावर खुशाल दे, तो सिनेमा पुढच्या शुक्रवारपर्यंत थिएटरला आहे, वाचणाऱ्याला दोनशे रुपयांचा निर्णय घ्यायचाय. एकांकिकेला अडीच स्टार देऊन कोणाला काय मिळणार? करणाऱ्यांना काय जमलं काय नाही ते कळत नाही आणि न पाहिलेल्याला तर काहीच कळत नाही. शेवटी सिनेमाला स्टार, एकांकिकेला नाही.

अजून एक ठरवलं जे मला जास्त मोलाचं वाटतं. प्राथमिक फेरीनंतर काहीही छापायचं नाही, पेजवर पोस्टसुद्धा नाही, अंतिम फेरी होईपर्यंत थांबायचं. टीम मधल्या दिवसांत एकांकिका बदलतात, त्यांचा शेवट आपण आधीच फोडायचा नाही, आणि परीक्षकांच्या कानावर आपलं मत जायची शक्यताही नको.

१३ ऑगस्ट

भरत नाट्य मंदिरात प्राथमिक फेरीची पहिली संध्याकाळ. सदाशिव पेठेत पार्किंग मिळणं म्हणजे नशीब, टिळक रोडला गाडी लावून चालत गेलो. ज्यांनी पुरुषोत्तम पाहिलं नाहीये त्यांना हा गोंगाट सांगून कळणार नाही, पडदा उघडायच्या आधी 'अरे आव्वाज कुणाचा' सुरू होतं ते पार छताला भिडतं, आणि पडदा उघडला की तीच पोरं चिडीचूप. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था ही स्पर्धा १९६३ पासून घेतेय. आज रंगभूमीवर आणि सिनेमात ज्यांची नावं आपण घेतो त्यातले कितीतरी जण ह्याच आरोळ्यांमध्ये पहिल्यांदा उभे राहिले, आणि त्यांच्या त्या पहिल्या एकांकिकांबद्दल शोधायला गेलं तर हाती लागतात ती बक्षिसं आणि आठवणी.

अंधारात लिहायची सवय करावी लागते. मोबाईल काढायचा नाही हा आमचा नियम, मागच्या रांगेतल्याला त्या उजेडाचा त्रास होतो. छोटी वही, पानावर मोठ्या अक्षरात चारच शब्द, मग पान उलटायचं. दोन एकांकिकांच्या मधल्या वेळात बाहेर चहा घेत ते शब्द सोडवून लिहायचे, कारण तिसरी पाहून झाल्यावर पहिलीतलं काहीच शाबूत राहत नाही.

१६ ऑगस्ट

आज जे पाहिलं ते इथे सविस्तर लिहून ठेवते, कारण ह्या सीझनमधलं मला सगळ्यात लागलेलं हेच आहे.

तालुक्याच्या एका कॉलेजची एकांकिका, विषय टँकरची वाट बघणारं गाव. विषय आपण शंभरदा पाहिलाय. पण रंगमंचावर फक्त हंडे आणि कळशा, पंधरावीस असतील, आणि सगळा आवाज त्याच भांड्यांचा. रांग लावताना रिकामी भांडी एकमेकांवर आपटतात तो पोकळ खणखणाट, त्यावरच भांडणाचे संवाद, वेगळं पार्श्वसंगीत नाहीच. मग टँकर येतो, म्हणजे येत नाही, सगळे एका विंगेकडे बघतात एवढंच. त्यानंतर एक मुलगी हंडा डोक्यावर घेऊन परत येते. हंडा रिकामाच आहे हे आम्हाला माहितीये. पण तिची मान ताठ झाली होती, पावलं जवळ पडत होती, एक हात वर आणि दुसरा कमरेपासून जरा लांब तोल धरायला, आणि मधेच तिने डोळा असा मिटला की कपाळावरून ओघळलेलं पाणी डोळ्यात गेलंय. पाणी नव्हतंच! शेजारी बसलेला एफवायचा मुलगा हळूच म्हणाला, "ताई, भरलाय का तो?" पत्रकाच्या शेवटच्या रकान्यात मी त्याला तो डोळाच लिहायला सांगितलं.

लेखनात कमी होतं. सरपंचाचं पात्र अगदी छापील, तो तोंड उघडायच्या आधीच तो काय बोलणार ते कळतं. तेही लिहिणार. पण आधी डोळा.

१९ ऑगस्ट

पहिले ड्राफ्ट आले. बहुतेकांत 'अप्रतिम अभिनय', 'अंगावर काटा आणणारा शेवट', 'दिग्दर्शकाने विषय ताकदीने हाताळला आहे'. सगळ्यांना एकच काम दिलंय, ह्यातलं प्रत्येक वाक्य उचलून दुसऱ्या कुठल्याही एकांकिकेच्या परीक्षणात टाकून बघा, बसलं तर काढून टाका. एकीचा दीड पानाचा ड्राफ्ट सहा ओळींवर आला, ती जरा हिरमुसली. पण त्या सहातल्या दोन ओळी फार चांगल्या आहेत, वडिलांचं काम करणारा मुलगा फोन ठेवताना रिसीव्हर आधी शर्टाला पुसतो, हे तिच्याशिवाय आमच्यापैकी कोणीच टिपलं नव्हतं. तिला म्हटलं हे तुझं परीक्षण, आता ह्याच्या आजूबाजूला लिही, तो असं का करत असेल, त्यातून ते पात्र कसं कळलं.

वाईट लिहायचं तर कसं, हेही विचारत होते सगळे. माझं मत साधं आहे, ही आपल्याच वयाची मुलं आहेत, महिना-दीड महिना लेक्चर बुडवून रात्री तालमी केल्यात, तेव्हा टोमणे मारायचे नाहीत. पण म्हणून गोड गोड पण लिहायचं नाही. 'उत्तरार्ध रेंगाळला' एवढ्याने त्यांना काही मिळत नाही, 'मुलगा घर सोडतो हे पहिल्या पंधरा मिनिटांत कळतं आणि पुढे तो निर्णय बदलेल अशी एकही शक्यता उभी राहत नाही' हे लिहिलं तर लेखकाला त्यावर काहीतरी करता येतं.

२४ ऑगस्ट

आपल्या कॉलेजची एकांकिका झाली. लिहायचं कोणी? नाटकवाल्यांशी ज्याचं काही देणंघेणं नाही असा टीममध्ये कोणीच नाही, शेवटी मीच घेतलं, कारण माझं नाव वर असेल तर प्रश्न मला येतील, ज्युनिअर्सना नाही.

होस्टेलची एक खोली, दोन मित्र, एकाला नोकरी लागलीये एकाला नाही. संवाद इतके खरे की मागे बसलेली होस्टेलची पोरं वाक्यावाक्याला हसत होती. मेसच्या डब्यावरून सुरू झालेलं भांडण वडिलांच्या कर्जापर्यंत कधी जातं कळत नाही. पण ब्लॅकआऊट. दर तीनचार मिनिटांनी ब्लॅकआऊट, दोघं अंधारात शर्ट बदलणार, सतरंजी इकडून तिकडे, आणि प्रत्येक वेळी आम्ही त्या खोलीतून बाहेर फेकले जातो. एका खोलीतली गोष्ट, तिला वेळ पुढे गेला हे सांगायला इतका अंधार लागत नाही. ज्या एका ठिकाणी त्यांनी दिवे चालू ठेवून नुसतं कॅलेंडरचं पान फाडलं तिथे ते किती सहज झालं! जे त्यांना एकदा जमलं ते बाकीच्या वेळी का केलं नाही, हाच माझ्या परीक्षणाचा गाभा.

२५ ऑगस्ट

कुठून कळलं माहीत नाही, पण दिग्दर्शक कँटीनमध्ये येऊन समोर बसला. "अगं, तू आपल्या कॉलेजची आहेस ना? बाहेरच्यांनी लिहिलं तर ठीक." मी त्याला सांगितलं की मी आपल्या कॉलेजची आहे म्हणूनच तुमच्या दोन तालमी पाहिल्यात आणि म्हणूनच मला माहितीये की ब्लॅकआऊट संहितेत नव्हते, नंतर आलेत. तो म्हणाला छापायच्या आधी एकदा दाखव. ते होणार नाही, नावं आणि माहिती तपासायला पत्रक पाठवीन, मजकूर नाही, हे सगळ्याच टीमना तसंच आहे. तो चिडला नाही पण चहा अर्धा ठेवून गेला. मला वाईट वाटलं आणि अजूनही वाटतंय, पण मत बदललेलं नाही.

१ सप्टेंबर

मधल्या दिवसांत सिनेमाचं पान. फिल्म सोसायटीने प्रभातचा १९३६ चा 'संत तुकाराम' दाखवला, त्यावर एफवायच्या मुलाने लिहिलं आणि चांगलं लिहिलं. जिजाई एका हाताने पोराला ओढत दुसऱ्या हातात पायताण घेऊन विठोबाच्या देवळात शिरते, त्यावर त्याने पूर्ण परिच्छेद केलाय, जिजाईचं काम करणाऱ्या गौरीबाईंच्या चालण्यावर. पण खाली लिहिलं होतं 'आधी बीज एकले हा तुकोबांचा अभंग'. तो तुकोबांचा नाही, शांताराम आठवल्यांनी सिनेमासाठी लिहिलेला आहे, चाल केशवराव भोळ्यांची. भल्याभल्यांना तो अभंग गाथेतलाच वाटत आलाय त्यामुळे त्याला दोष नाही, उलट हेच परीक्षणात घाल म्हटलं, एखाद्या गीतकाराने इतकं अस्सल लिहावं हे त्या सिनेमाबद्दल केवढं सांगून जातं. आणि गंमत म्हणजे भोळे स्वतः 'एकलव्य' या नावाने गायकांवर समीक्षा लिहायचे, म्हणजे ऐकून लिहिणारा माणूसच इथे चाली बांधत होता.

सिनेमा बघून निघताना डोक्यात एकच होतं, हा सिनेमा आपण आज बघू शकतो कारण प्रिंट जपली गेली. सिनेमासाठी आपल्या पुण्यातच लॉ कॉलेज रोडला १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. कॉलेजच्या एकांकिकेसाठी असं काय आहे?

लगेच कोणी म्हणेल मोबाईलवर शूट असतंच की. असतं, रंगीत तालमीचं, मागच्या भिंतीला टेकवलेल्या फोनमधून, त्यात चेहरे दिसत नाहीत, पंख्याचा आवाज जास्त, आणि फोन बदलला की तेही जातं. शिवाय समोर भरलेलं थिएटर असताना ती मुलगी हंडा घेऊन कशी चालली हे तालमीच्या व्हिडिओत नाहीच. व्हिडिओ ठेवा जरूर, पण कोणीतरी तिथे बसून पाहिलेलं लिहायलाच लागतं.

८ सप्टेंबर

कायद्याची बाजू बघून घेतली कारण एका ड्राफ्टमध्ये एकांकिकेतली पूर्ण कविता उतरवली होती. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ समीक्षेसाठी, परीक्षणासाठी वाजवी वापराला मोकळीक देतं, म्हणजे मुद्दा सांगायला दोन ओळी उद्धृत केल्या तर हरकत नाही, लेखकाचं नाव देऊन. पूर्ण कविता छापणं म्हणजे परीक्षण नव्हे, ती कवीला विचारूनच. ती कविता त्याच टीममधल्या मुलाची होती, त्याने हो म्हटलं तर वेगळ्या चौकटीत घेऊ. फोटो तर विचारल्याशिवाय नाहीच, काढणाऱ्याचं नाव फोटोखाली.

१८ सप्टेंबर

अंतिम फेरी झाली. निकाल सगळ्यांना माहितीये, लिहीत बसत नाही.

हंड्यांची एकांकिका अंतिमला आली होती आणि मी त्यासाठी पहिल्या रांगेच्या कोपऱ्यात जागा धरली होती. आणि त्यांनी मुलीच्या चालण्यावर बासरी टाकली. रेकॉर्डेड, मोठ्या आवाजात. चालणं तेच, मान तीच, डोळाही मिटला, पण आता आम्हाला काय वाटायला पाहिजे ते बासरी सांगत होती. प्राथमिकला त्या जागी फक्त तिच्या पायातल्या जोडव्यांचा फरशीवर होणारा आवाज होता, तो गेला. दुसरीकडे सरपंचाचं पात्र मात्र त्यांनी किती सुधारलं! तो आता स्वतःही रांगेत हंडा लावून उभा राहतो, एकही वाक्य न वाढवता माणूस झाला. दोन्ही प्रयोगांचं शेजारी शेजारी लिहायचं ठरवलंय. हे दोन्ही प्रयोग पाहिलेल्यालाच लिहिता येतं, आणि आम्ही ते पाहिलेत.

आपल्या कॉलेजच्या टीमचा नंबर प्राथमिकलाच हुकला होता. दिग्दर्शक प्रेक्षकांत होता, आरोळ्या देत होता.

२२ सप्टेंबर

२०२२ ची कात्रणं काढली. त्या वर्षी अंतिम फेरीतल्या परीक्षकांनी पुरुषोत्तम करंडक कोणालाच द्यायचा नाही असा निर्णय घेतला होता, दर्जा नाही म्हणून, आणि त्यावरून केवढा गदारोळ झाला. मला जी कात्रणं मिळाली त्यात निर्णय बरोबर की चूक यावर रकानेच्या रकाने आहेत, ज्येष्ठांची मतं, मुलांची नाराजी. पण ज्या एकांकिकांवरून हे सगळं झालं त्यांत काय होतं हे फार कमी. आज मला स्वतःचं मत बनवायचं म्हटलं तर कशावर बनवू? परीक्षकांशी सहमत व्हायला किंवा भांडायला आधी प्रयोगाचं वर्णन तर हवं. पुरवणीच्या पहिल्या पानावरचं टिपण ह्यावरच लिहितेय, दादाला पटलंय.

३० सप्टेंबर

ले-आऊट. युनिकोडमधून डीटीपीच्या फॉन्टमध्ये गेलं की रफार उडतात आणि 'ऱ्य' चा भलताच अवतार होतो, त्यात नावं असली की धडकीच भरते. सगळी नावं पत्रकाशी ताडून तीनदा वाचली, एक जण मोठ्याने वाचणार दुसरा खूण करणार. ज्या मुलाने पूर्ण प्रयोगभर विंगेत बसून भांडी हातात दिली त्याचं नाव पेपरात पहिल्यांदा आणि कदाचित एकदाच येणारे, ते चुकीचं आलं तर काय उपयोग.

जागा कमी पडली तेव्हा दादाने नावांच्या याद्या कापूया म्हटलं. नाही. माझं टिपण कापलं, याद्या राहिल्या.

९ ऑक्टोबर

अंक वाटला. तालुक्याच्या कॉलेजला गठ्ठा एसटीने पाठवला. आपल्या दिग्दर्शकाचा मेसेज आला, एकच ओळ, ब्लॅकआऊट काढून फक्त दोन ठेवतोय, दुसऱ्या एका स्पर्धेला फॉर्म भरलाय, येशील का बघायला. जाणार. बघून परत लिहिणारही, पुरवणी संपली असली तरी डिसेंबरच्या अंकात अर्धा कॉलम मागून घेईन.

लायब्ररीयन मॅडमनी पुरवणीच्या दोन प्रती बांधीव खंडासाठी ठेवून घेतल्या, पत्रकांची फाईलपण देऊ का विचारलं तर म्हणाल्या दे, पण पेन्सिलने नाही, पेनाने भरलेली दे. म्हणजे आज बसून सगळी पत्रकं पेनाने गिरवायची आहेत.

आता पुढची स्पर्धा फिरोदिया करंडक, तिला हे पत्रक चालणार नाही. तिथे एकाच प्रयोगात चित्र, शिल्प, रांगोळी, वाद्यं, जादू, सगळं एका गोष्टीत ओवलेलं असतं, रंगमंचावर कोणीतरी खरंच मूर्ती घडवत असतो आणि संवाद चालू असतात. एक जण बघून लिहूच शकत नाही, नजर कुठे कुठे ठेवणार. दोघांनी बसायचं, एकाने गोष्ट धरायची एकाने हात, आणि मग एकत्र लिहायचं. एफवायचा मुलगा हात बघायला तयार आहे. नवीन पत्रकाचा कच्चा आराखडा मंगळवारपर्यंत करून ग्रुपवर टाकते.